एका सहीचा खटला

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

पोर्ट ऑफ स्पेन हे नाव आपल्याकडे क्रिकेटमुळे घरोघर पोचलं. १९७१ साली अजित वाडेकरांचा संघ वेस्ट इंडीजला गेला, तेव्हा याच शहरातल्या क्वीन्स पार्क ओव्हलवर एकवीस वर्षांचा सुनील गावसकर पहिली कसोटी खेळला आणि मालिकेच्या शेवटच्या कसोटीत पुन्हा याच मैदानावर त्याने १२४ आणि २२० धावा काढल्या. शहराच्या वरच्या अंगाला लावेंतीयची टेकडी आहे. तिच्यावर एक जुना, गोल, दगडी बुरूज आहे. तो फोर्ट पिक्टन या नावाने ओळखला जातो. आज मला ज्याच्याविषयी बोलायचं आहे तो हा पिक्टन. सर थॉमस पिक्टन. वेल्समधला जमीनदार, इंग्रजी सैन्यातला लेफ्टनंट जनरल, पार्लमेंटचा सभासद आणि सहा वर्षं त्रिनिदाद बेटाचा सर्वाधिकारी.

वॉटर्लूच्या लढाईत मारला गेलेला सर्वांत वरिष्ठ ब्रिटिश अधिकारी म्हणून इतिहासाच्या पुस्तकांत त्याचं नाव येतं. पण मला विचाराल तर वॉटर्लूपेक्षा लंडनच्या एका कोर्टात १८०६ साली चाललेला खटला अधिक लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्या खटल्याचं मूळ होतं कागदाच्या एका चिटोऱ्यावरची एक ओळ आणि तिच्याखालची पिक्टनची सही.

आधी घराणं बघू. वेल्सच्या नैर्ऋत्य टोकाला पेम्ब्रोकशायर नावाचा परगणा आहे. तिथल्या हॅवरफर्डवेस्ट गावी २४ ऑगस्ट १७५८ रोजी थॉमसचा जन्म झाला. वडील जवळच्या पॉइस्टनचे जमीनदार. मुलं बारा, त्यांत हा सातवा. तिथल्या रिवाजाप्रमाणे वडिलांची जमीन थोरल्याकडे जायची. आपल्यासारखी भाऊबंदकीची वाटणी नाही, तुकडे नाहीत. मग धाकट्यांनी काय करायचं? चर्च, वकिली, नाहीतर फौज. थॉमसचा चुलता विल्यम पिक्टन एका पलटणीचा प्रमुख होता. त्याच्या वशिल्याने वयाच्या तेराव्या वर्षीच, म्हणजे १७७१ साली, मुलाचं नाव अधिकारी म्हणून पलटणीच्या पटावर चढलं. तेव्हा अधिकाराच्या जागा पैसे मोजून मिळत, ओळखीने मिळत. कर्तबगारीचा प्रश्न मागाहून यायचा.

काही वर्षं जिब्राल्टरला काढली. १७८३ मध्ये अमेरिकेचं युद्ध संपलं आणि पलटणी मोडायला सुरुवात झाली. पिक्टनची पलटण ब्रिस्टॉलला होती. घरी पाठवणार म्हटल्यावर शिपाई बिथरले. तेव्हा पिक्टन एकटा त्या गर्दीत घुसला आणि म्होरक्याला गचांडी धरून त्याने बाहेर ओढलं. बंड तिथंच थंडावलं. राजाकडून शाबासकी आली, बढतीचं आश्वासनही आलं. बढती मात्र आली नाही. पुढची सुमारे बारा वर्षं हा उंचापुरा, दांडग्या आवाजाचा माणूस अर्ध्या पगारावर वडिलांच्या वाड्यात बसून होता. शिकार करायची, जुनी पुस्तकं वाचायची, आणि लंडनला अर्जांमागून अर्ज पाठवायचे. पुढे या माणसाच्या हाती एकदम अमर्याद सत्ता आली, तेव्हा तो जसा वागला त्याचं बीज या रिकाम्या वर्षांत असावं, असं मला वाटतं. नक्की कोण सांगणार?

१७९४च्या सुमारास तो कंटाळून स्वतःच वेस्ट इंडीजला निघून गेला. हातात नेमणूक नाही, फक्त ओळख. तिथला सेनापती सर जॉन व्हॉन वेल्सचाच. त्याने या गाववाल्याला आपल्या पदरी घेतलं. पुढे सर राल्फ ॲबरक्रॉम्बी आला, त्यालाही पिक्टन पसंत पडला. फ्रान्सशी युद्ध चालू होतं, स्पेन फ्रान्सच्या बाजूला गेला होता, आणि फेब्रुवारी १७९७ मध्ये इंग्रजांनी स्पेनच्या ताब्यातलं त्रिनिदाद जवळजवळ न लढताच घेतलं. ॲबरक्रॉम्बीला पुढच्या मोहिमेवर जायचं होतं. बेट सांभाळायला त्याने पिक्टनला ठेवलं.

हे बेट मोठं चमत्कारिक होतं. राज्य स्पेनचं, पण मळेवाले बहुतेक फ्रेंच. कारण १७८३ साली स्पेनच्या राजाने फर्मान काढून कॅथलिक परदेशी लोकांना तिथं फुकट जमिनी दिल्या होत्या, आणि जो जितके गुलाम घेऊन येईल तितकी जमीन जास्त. एकूण वस्ती सतरा-अठरा हजार. त्यांतले दहा हजार गुलाम. गोरे दोन हजारांच्या आसपास, आणि त्यांच्या दुपटीहून जास्त संख्या गुलाम नसलेल्या मिश्रवंशी लोकांची. या लोकांनाही फर्मानाप्रमाणे जमीन मिळत असे, ते सुखवस्तू होते, काही शिकलेले होते. फ्रेंच राज्यक्रांतीचे वारे यांच्या डोक्यात शिरले तर काय, ही धास्ती गोऱ्यांना रात्रंदिवस होती. शेजारच्या हैतीमध्ये गुलामांनी उठाव करून मळेवाल्यांना हुसकावलेलं सर्वांच्या डोळ्यांसमोर ताजं होतं.

शरणागतीच्या तहात एक कलम होतं: बेटावरचा स्पॅनिश कायदा चालू राहील. ॲबरक्रॉम्बीने जाताना पिक्टनला सांगितलं, त्याचा आशय असा की स्पॅनिश कायदा जमेल तसा चालव आणि बाकी आपल्या विवेकाला स्मरून न्याय कर. इंग्रजी राज्यकर्त्यांची ही नेहमीची रीत होती. जिंकलेल्या मुलखाचा जुना कायदा राजाने बदलेपर्यंत तसाच चालू ठेवायचा. आपल्याकडे १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने दख्खनमध्ये जुन्या वहिवाटी आणि पंचायती शक्य तितक्या राखल्या, त्यामागे हाच विचार होता. रीत शहाणपणाचीच आहे. फक्त तिच्यात एक फट आहे. ज्या माणसाला तो कायदा वाचता येत नाही, ज्याच्यावर देखरेख करणारं हजारो मैलांत कोणी नाही, आणि सरन्यायाधीशही तोच आहे, त्याच्या हाती पडल्यावर ‘जुना कायदा’ म्हणजे काय? तो म्हणेल तो.

पिक्टनने धाक बसवला. फाशीचे खांब उभे राहिले आणि रिकामे फारसे राहिले नाहीत. आपलेच बेशिस्त शिपाई, पळालेले गुलाम, संशयित बंडखोर, कोणाचीच गय झाली नाही. १८०० मध्ये गुलामांसाठी त्याने नियमावली काढली. ती त्यांच्या आधीच्या स्पॅनिश नियमांपेक्षा कडक होती. १८०१ मध्ये मळ्यांवर विषप्रयोग होत असल्याची आवई उठली, तेव्हा त्याने एक चौकशी मंडळ नेमलं. मळेवाला बेगोरा हा त्यातला पुढारी. संशयावरून धरलेल्या गुलामांचे हाल करून कबुल्या घेतल्या गेल्या, काहींना जाळण्यात आलं. मळेवाल्यांनी पिक्टनला दुवा दिला. त्यांना असाच गव्हर्नर हवा होता. तोही त्यांच्यातलाच एक झाला होता. मळे घेतले, गुलाम घेतले, पैसा गाठीला बांधला. रोझेट स्मिथ नावाच्या मिश्रवंशी स्त्रीशी त्याने घरोबा केला, तिच्यापासून त्याला चार मुलं झाली. ज्या वर्गाचा त्याला मनापासून संशय होता त्या वर्गातली ही स्त्री. माणसं अशीच असतात.

आता त्या सहीकडे येतो.

पोर्ट ऑफ स्पेनमध्ये पेद्रो रुईझ नावाचा एक व्यापारी होता. त्याच्या घरात लुईसा काल्देरोन नावाची मुलगी राहत होती. मिश्रवंशी, पण गुलाम नाही. तिच्या आईनेच तिला लहान वयात त्याच्या घरी ठेवलं होतं. कोणत्या नात्याने, ते सांगायला नको. डिसेंबर १८०१ मध्ये रुईझच्या घरातून सुमारे दोन हजार स्पॅनिश डॉलर चोरीला गेले. संशय लुईसावर आणि तिच्याशी सूत जुळलेल्या कार्लोस गोन्झालेस नावाच्या माणसावर आला. लुईसा काही बोलेना. तेव्हा मॅजिस्ट्रेटचं काम बघणाऱ्या त्याच बेगोराने गव्हर्नरला लिहिलं, की मुलगी कबूल होत नाही, तरी थोडा छळ करण्याची परवानगी असावी. पिक्टनने त्यावर स्पॅनिशमध्ये एक ओळ लिहिली, लुईसा काल्देरोनचा छळ करण्यात यावा, आणि खाली सही केली. लुईसाचं वय तेव्हा तेरा-चौदा.

त्या छळाचं वर्णन मी थोडक्यात करतो, कारण ते टाळलं तर पुढचं काही समजणार नाही. छताला कप्पी, कप्पीतून दोर, दोराला मुलीचं एक मनगट बांधलेलं. दुसरा हात आणि एक पाय मागे एकत्र जखडलेला. उरलेल्या पायाची बोटं खाली रोवलेल्या एका लाकडी खुंटीवर जेमतेम टेकतील एवढाच दोर सैल. सगळा भार एकतर मनगटावर नाहीतर त्या खुंटीवर. पहिल्या दिवशी लुईसा जवळजवळ तासभर अशी लटकत होती. तिने गोन्झालेसचं नाव घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा वीस-बावीस मिनिटं. मग पायांत बेड्या घालून आठ महिने कोठडी. त्यानंतर सोडून दिलं.

या प्रकाराला पिकेट म्हणत, आणि गंमत अशी (गंमत हा शब्द इथं बरा नव्हे, पण दुसरा सुचत नाही) की ही स्पेनची शिक्षाच नव्हती. इंग्रजी घोडदळात शिपायांना देण्यात येणारी ती जुनी सजा होती. स्पॅनिश कायद्याचं नाव पुढे करून इंग्रजी बराकीतली खुंटी तुरुंगात आणली होती.

हे सगळं त्रिनिदादमध्येच दडपलं गेलं असतं. ज्या शेकडो गुलामांचे हाल झाले त्यांची नावंही कोणी विचारली नाहीत. पण लंडनमध्ये तेव्हा गुलामांच्या व्यापाराविरुद्ध चळवळ जोरात होती. त्रिनिदाद हे नवं, बरंचसं पडीक बेट. तिथं आणखी मळे आणि आणखी गुलाम येऊ द्यायचे की नाही, यावर १८०२ मध्ये पार्लमेंटात जॉर्ज कॅनिंगने प्रश्न उपस्थित केला. त्याच वर्षी सरकारने एकट्या गव्हर्नरची पद्धत मोडून तिघांचं कमिशन नेमलं: विल्यम फुलार्टन पहिला, सॅम्युएल हूड दुसरा, आणि आजवरचा सर्वेसर्वा पिक्टन त्यांच्याबरोबर.

फुलार्टन हा स्कॉटलंडचा. त्याचा आपल्या देशाशी संबंध होता. दुसऱ्या म्हैसूर युद्धात दक्षिणेत इंग्रजी फौज घेऊन त्याने १७८३ मध्ये टिपूकडून पालघाट घेतलं होतं. (हे केरळातलं पालघाट, आपलं पालघर नव्हे.) शिकलेला, हुशार, पण भांडकुदळ माणूस. बेटावर उतरल्याबरोबर त्याने जुने कागद मागवले, तुरुंग पाहिला, आणि थोड्याच दिवसांत पिक्टनविरुद्ध छत्तीस आरोपांची यादी कौन्सिलसमोर ठेवली. हूडने पिक्टनची बाजू घेतली. मळेवाले तर पिक्टनचेच. बेटाचे दोन तट पडले. अखेर पिक्टनने राजीनामा दिला आणि १८०३ मध्ये बेट सोडलं. फुलार्टनही लंडनला परतला, आणि येताना लुईसाला घेऊन आला. तिला साक्षीला उभं करायचं होतं.

डिसेंबर १८०३ मध्ये लंडनमध्ये पिक्टनला अटक झाली. जामिनाची रक्कम ठरली चाळीस हजार पौंड. त्या काळात एवढ्या पैशात मोठी जहागीर आली असती. त्रिनिदादच्या साहेबलोकांनी त्याच्या खटल्यासाठी वर्गणी गोळा केली. दोन्ही बाजूंनी पुस्तिका निघाल्या. चित्रांच्या दुकानांच्या खिडक्यांत दोराला लटकणाऱ्या मुलीची छापील चित्रं लागली आणि लोक थबकून बघू लागले.

खटला २४ फेब्रुवारी १८०६ रोजी किंग्ज बेंचसमोर चालला. न्यायासनावर लॉर्ड एलनबरो. हे गृहस्थ न्यायाधीश होण्यापूर्वी वॉरन हेस्टिंग्जचे वकील होते. बंगालमधल्या कारभाराबद्दल हेस्टिंग्जवर १७८८ ते १७९५ अशी सात वर्षं लॉर्डांच्या सभेपुढे चौकशी चालली, तेव्हा बचावाची मुख्य बाजू यांनी सांभाळली होती. पिक्टनचा वकील रॉबर्ट डॅलस, तोही हेस्टिंग्जच्या बचावातला. हेस्टिंग्जवरचा हल्ला ज्याने चढवला त्या एडमंड बर्कने तेव्हाच एक प्रश्न विचारला होता: अक्षांश बदलला की नीतीही बदलते काय? बर्क १७९७ मध्ये वारला. त्याचा प्रश्न जवळजवळ त्याच मंडळींसमोर पुन्हा येऊन उभा राहिला.

फिर्यादीचे वकील विल्यम गॅरो. त्यांनी लुईसाला साक्षीला बोलावलं. स्पॅनिश बोलणारी ती तरुण मुलगी, दुभाष्यामार्फत, शांतपणे सगळं सांगत गेली. गॅरोंनी त्या छळाचं एक रंगीत चित्र पुढे केलं आणि असंच होतं का, म्हणून तिला विचारलं. ती हो म्हणाली.

पण कोर्टापुढचा खरा मुद्दा तिचे हाल हा नव्हताच. मुलीचा छळ झाला हे पिक्टनने नाकारलं नव्हतं. त्याचं म्हणणं इतकंच, की मॅजिस्ट्रेटने कायद्याप्रमाणे परवानगी मागितली, मी दिली, माझ्या मनात वैर नव्हतं. म्हणजे मुद्दा असा उरला: बेट शरण आलं त्या दिवशी त्रिनिदादमध्ये छळ कायदेशीर होता की नव्हता? मग स्पॅनिश कायद्याचे जाडजूड ग्रंथ बाहेर निघाले. कास्तीलच्या जुन्या कायद्यात छळाला जागा होती. फिर्यादी पक्ष म्हणाला, तो कायदा स्पेनचा, अमेरिकेतल्या वसाहतींसाठी वेगळी संहिता आहे आणि तिच्यात छळ नाही. शिवाय ही खुंटी इंग्रज येण्याआधी बेटावर कोणी पाहिलीही नव्हती. बरं, जुन्या कास्तीलच्या कायद्यातही चौदा वर्षांखालच्या मुलांचा छळ करायला मनाई होती. झालं, आता लुईसाचं नेमकं वय काय यावर वाद. बाप्तिस्म्याची नोंद खरी की बनावट यावर पुस्तिकांमधून हमरीतुमरी. तेरा वर्षांची असेल तर गुन्हा, चौदा पुरी असेल तर नाही! कायद्याचा कीस काढणं म्हणतात ते हे.

ज्यूरीने त्या दिवशी निर्णय दिला की असा कायदा बेटावर नव्हता. पिक्टन दोषी ठरला.

तो तुरुंगात गेला, असं तुम्हाला वाटेल. तसं झालं नाही. वकिलांनी फेरसुनावणी मागितली, ती मंजूर झाली. त्रिनिदादहून नव्या साक्षी, नवे कागद आले. फुलार्टन फेब्रुवारी १८०८ मध्ये वारला आणि फिर्यादीचा कणाच मोडला. जूनमध्ये दुसरी ज्यूरी बसली. तिने सांगितलं, छळ तिथल्या कायद्याला धरून होता, आणि छळाची कृती सोडली तर आरोपीच्या मनात वैरभाव दिसत नाही. यावर कायद्याचा अंतिम अर्थ न्यायाधीशांनी लावायचा होता. १८१० मध्ये वकिलांची भाषणं झाली, निकाल पुढे ढकलला, आणि तो कधीच दिला गेला नाही. पिक्टन दोषीही नाही आणि निर्दोषही नाही. लुईसा परत त्रिनिदादला गेली.

निकाल का लागला नाही? एक कारण उघड आहे. दोन्हीकडून अडचण होती. इंग्रज राजाच्या राज्यात छळ कायदेशीर आहे असं इंग्रज न्यायाधीशाने लिहून कसं द्यायचं? आणि बेकायदा म्हटलं, तर जिंकलेल्या प्रत्येक मुलखातले गव्हर्नर उद्या कोर्टात खेचले जातील. तिसरी गोष्ट म्हणजे तोवर पिक्टनची फौजेला गरज लागली होती. पोर्तुगालमध्ये वेलिंग्टनला कणखर सेनानी हवे होते. १८१० मध्ये त्याने पिक्टनला मागून घेतलं.

इथून पुढचं त्याचं आयुष्य इंग्रजी पुस्तकांत फार रंगवून येतं, मी भरभर सांगतो. तिसरी डिव्हिजन त्याच्याकडे आली. तिच्यातली एक पलटण, चौऱ्याहत्तरावी हायलँडर्स, सात वर्षांपूर्वी आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांच्या तोफांपुढे जवळजवळ कापली गेली होती. त्या दिवसाची खूण म्हणून हत्तीचं चिन्ह मिरवण्याचा मान तिला मिळाला होता. दुसरी एक आयरिश पलटण, तिला तो येताजाता वाटमारे म्हणायचा, आणि बुसाकोच्या लढाईत तिने फ्रेंचांना डोंगरावरून खाली रेटलं तेव्हा शब्द गिळून तिची तारीफ करायची पाळी त्याच्यावर आली. तोंडाने अतिशय शिवराळ. वेलिंग्टननेही पुढे त्याचं वर्णन साधारण असंच केलं, पण त्याच्याइतकं काम दुसऱ्या कोणी केलं नाही असंही वर जोडलं.

६ एप्रिल १८१२ च्या रात्री बादाखोसच्या किल्ल्यावर शिड्या लावून चढण्याचं काम त्याच्या डिव्हिजनने केलं. बाकीचे हल्ले खिंडारात अडकून माणसं मरत होती, तेव्हा याच लोकांनी गड घेतला. पिक्टन जखमी झाला. मागाहून त्याने वाचलेल्या प्रत्येक शिपायाला पदरची एक एक गिनी दिली. चुलता विल्यम नुकताच वारला होता आणि त्याची इस्टेट याला मिळाली होती. गड घेतल्यावर इंग्रजी फौजेने त्या शहरात काही दिवस जी लूट आणि अत्याचार केले, ते मात्र गौरवगीतांत येत नाहीत.

या सुमारास तो पुरता जमीनदार झाला. कारमार्दनशायरमध्ये, नदीच्या मुखाजवळ इस्कोएड नावाची हवेली आणि जमीन त्याने विकत घेतली. सातव्या क्रमांकाच्या मुलाला वडिलांकडून जे मिळालं नसतं ते त्याने आपल्या हिमतीवर उभं केलं. चुलत्याच्या वारशावर, लढायांवर आणि त्रिनिदादच्या ऊसमळ्यांच्या काळात साठलेल्या पैशावर. १८१३ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला, आणि त्याच वर्षी पेम्ब्रोक बरोज मतदारसंघातून तो पार्लमेंटवर गेला. राजकारणी म्हणून त्याच्याबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नाही. मोजके मतदार, जमीनदारांचं वर्चस्व, आणि सभासद बहुतेक वेळ स्पेनमधल्या रणांगणावर. नोव्हेंबर १८१३ मध्ये तो सभागृहात आला तेव्हा स्पीकरने उभं राहून देशाच्या वतीने त्याचे आभार मानले. सात वर्षांपूर्वी याच वेस्टमिन्स्टरमध्ये ज्यूरीने त्याला दोषी ठरवलं होतं.

तरीही खटल्याची सावली पुरती पुसली गेली नसावी. १८१४ मध्ये वेलिंग्टनचे हिल, ग्रॅहम, बेरेसफर्ड, होप, कॉटन हे सरदार ‘लॉर्ड’ झाले. पिक्टन राहिला. तो स्वतः म्हणे असं बोलून दाखवायचा, की सरदारकीचा मुकुट किल्ल्याच्या खिंडारात ठेवला असता तर आपण तो मिळवला असता.

१८१५ मध्ये नेपोलियन परतला. पिक्टनला पाचवी डिव्हिजन मिळाली. १६ जूनला कात्र ब्राच्या लढाईत गोळी लागून त्याच्या बरगड्या मोडल्या. त्याने हे नोकराखेरीज कोणाला कळू दिलं नाही. सामान मागे राहिल्यामुळे अंगावर गणवेश नाही, साधा कोट आणि डोक्यावर उंच हॅट. अशाच वेशात १८ जूनला वॉटर्लूच्या माळावर फ्रेंचांचा मोठा लोंढा चढून आला तेव्हा आपल्या लोकांना पुढे घालत असता गोळी कपाळात बसून तो ठार झाला. अंगावरचे कपडे उतरवताना आधीची जखम दिसली. ती हॅट लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये जपून ठेवली आहे.

शौर्याबद्दल शंका घ्यायला जागा नाही, आणि घ्यायचीही नाही. मला खटकतं ते हे, की या एका दुपारने १८१० मध्ये ढकललेला तो निकाल कायमचा ढकलला. सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये त्याचं स्मारक झालं. १८५९ मध्ये त्याच्या अस्थीही तिथं नेल्या. कारमार्दन गावात १८२०च्या दशकात वास्तुविशारद जॉन नॅशने एक भव्य खांब उभारला. तो इतका कच्चा निघाला की वीस वर्षांत पाडावा लागला, आणि त्या जागी दुसरा चौकोनी स्तंभ आला. १९१६ मध्ये कार्डिफच्या सिटी हॉलमध्ये वेल्सच्या थोर पुरुषांचे संगमरवरी पुतळे बसले. संत डेव्हिड, ओवेन ग्लिंडूर, बायबल वेल्श भाषेत आणणारे बिशप विल्यम मॉर्गन, आणि त्यांच्या पंगतीत थॉमस पिक्टन. अनावरण लॉइड जॉर्जने केलं, तेव्हा तो युद्धमंत्री होता. महायुद्ध ऐन भरात होतं, आणि सैनिक वीर हवाच होता.

त्रिनिदादमध्ये मात्र त्याची आठवण वेगळी राहिली. व्ही. एस. नायपॉल यांचं ‘द लॉस ऑफ एल डोराडो’ हे १९६९ सालचं पुस्तक ज्यांनी वाचलं असेल त्यांना पिक्टन, बेगोरा आणि लुईसा परके नाहीत. आपल्या जन्मभूमीच्या इतिहासातल्या ज्या मोजक्या घटना नायपॉल यांनी निवडल्या, त्यांत ही एक होती.

वेल्समध्ये तो प्रश्न उघडपणे विचारला जायला २०२० साल उजाडावं लागलं. अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाल्यानंतर जगभर पुतळ्यांवरून वाद उठले. कार्डिफचे तेव्हाचे लॉर्ड मेयर डॅन डेआथ हे स्वतः कृष्णवर्णीय. त्यांनी पिक्टनचा पुतळा हलवण्याची मागणी केली, कौन्सिलने मोठ्या बहुमताने ती मान्य केली, आणि जुलैमध्ये पुतळ्याभोवती लाकडी खोका ठोकून तो झाकण्यात आला. विरोध करणारेही होते. इतिहास पुसू नका, असं त्यांचं म्हणणं. पण पुसला गेला होता तो लुईसाचा भाग, आणि तोही शंभर-दोनशे वर्षांपूर्वीच, याकडे त्यांचं लक्ष नसावं.

शहरातल्या राष्ट्रीय संग्रहालयाने निराळी वाट धरली. तिथं सर मार्टिन आर्चर शी या चित्रकाराने काढलेलं पिक्टनचं मोठं तैलचित्र होतं. २०२१ मध्ये ते दालनातून उतरवलं आणि त्या जागी कुंपणं आणि चर नीट करणाऱ्या एका साध्या मजुराचं चित्र लावलं. मग त्रिनिदादशी नातं असलेल्या कलावंतांकडून नव्या कलाकृती करवून घेतल्या. ऑगस्ट २०२२ मध्ये प्रदर्शन उघडलं तेव्हा पिक्टनचं चित्र परत आलं होतं. बाजूच्या एका खोलीत, प्रवासाच्या खोक्यातच ठेवलेलं, आणि शेजारी त्रिनिदादमधल्या त्याच्या सहा वर्षांची आणि लुईसाची हकिगत.